चहाच्या आधी की चहाच्या नंतर: आमच्या शॉपमधल्या एका अप्रेंटिसचं प्रकरण

मागच्या महिन्यात ओळखीच्या एका कारखानदाराने विचारलं, अप्रेंटिस ठेवून तुला नक्की मिळालं काय रे? मी फोनवर अर्धा तास बोलत बसलो आणि शेवटी त्याला काही कळलं नाही, कारण मी सगळं उलटसुलट सांगितलं. म्हणून म्हटलं एकदा बसून नीट लिहून काढू, आकड्यांसकट, आणि जिथे माझं चुकलं तेही.

बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत (म्हणजे औद्योगिक वसाहतीत) आमचं छोटं मशीन शॉप आहे, बाबांनी चालू केलेलं, आता मी बघतो. सोळा माणसं, चार लेथ (यात लोखंडाचा तुकडा, आमच्या भाषेत जॉब, फिरतो आणि टूल त्याला कापतं), दोन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीन), एक मिलिंग, एक रेडियल ड्रिल. शाफ्ट, बुश, फ्लँज असलं जॉबवर्क. ग्राइंडर (घासून अगदी बारीक साइजला आणायची मशीन) नाही, आणि या प्रकरणात ते महत्त्वाचं आहे. पंपाच्या शाफ्टची बेअरिंग सीट (बेअरिंग बसतं ती जागा) खरं तर ग्राइंड करायची असते, पण आमच्या एका गिऱ्हाईकाला तो रेट परवडत नाही, म्हणून सीट लेथवरच साइजला आणायची आणि शेवटचे दोनचार मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) एमरी पेपरने मारायचे. हे काम आमच्याकडे एकाच माणसाच्या हातचं. काका. बाबांच्या वेळेपासून आहेत, मी हाफ पँटीत शॉपवर यायचो तेव्हापासून मला ओळखतात, त्यामुळे मला अरेतुरे करतात आणि फक्त चिडले की शेठ म्हणतात.

२०२२ च्या ऑक्टोबरात आम्ही पहिला अप्रेंटिस घेतला. त्याआधी घेतला नव्हता कारण घ्यायची सक्ती नव्हती. १९६१ चा अप्रेंटिस अ‍ॅक्ट आहे, त्याच्या हल्लीच्या नियमांप्रमाणे तीस किंवा जास्त माणसं असतील तर अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, चार ते एकोणतीस माणसं असतील तर आपली मर्जी. म्हणजे आम्ही मर्जीवाले. आणि मी घेतला तो काही समाजसेवेसाठी नाही हे आधीच कबूल करतो. आयटीआय पास पोराचा तेव्हा किमान स्टायपेंड महिना ७००० होता, त्यातला २५ टक्के हिस्सा जास्तीत जास्त १५०० रुपयांपर्यंत सरकार देतं (तेव्हा आधी आपण भरून मग क्लेम करावा लागायचा, २०२३ पासून तो सरळ पोराच्या खात्यात जायला लागला), पीएफ नाही. मी डोक्यात हिशेब केला, साडेपाच हजारात एक हेल्पर. अक्षरशः हाच शब्द डोक्यात होता, हेल्पर.

पोरगा तरसालीच्या आयटीआयचा, टर्नर ट्रेड, दोन वर्षांचा कोर्स केलेला, राहायला शहरातल्या वाडी भागात, मराठी घरचा पण मराठी बोलता बोलता मधेच गुजराती, आपल्याकडे सगळ्यांचं होतं तसं. वर्कशॉप कॅल्क्युलेशनमध्ये मार्क चांगले होते. मी ते वाचलंही नव्हतं, नंतर कळलं.

पहिला महिना काय केलं त्याने? झाडू, चिप्स (कापलेल्या लोखंडाचा कीस) उचलणं, बर (कापल्यावर राहिलेली धारदार कड) काढणं, चहा आणणं. दुसरा महिना सीएनसीवर, म्हणजे जॉब लावायचा, दार बंद, हिरवं बटण, दार उघड, जॉब काढ. सीएनसीचा ऑपरेटर त्याला ऑफसेटच्या पानाला (स्क्रीनवर साइज कमीजास्त करायची जागा) हात लावू देईना, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही, माल निघत होता ना.

मग एक दिवस त्याची आई आली. पोळ्या करायला जाते ती चार घरी, तिथून परस्पर आली होती, हातात पिशवी तशीच. खुर्चीवर बसली नाही. म्हणाली, "भाऊ, रागावू नका, पण आयटीआयची दोन वर्षं पोराने काय झाडू मारायला घातली का? घरी येतो तर बोलत नाही. विचारलं तर म्हणतो, चालतंय. आमच्यात चालतंय म्हणजे चालत नाही असं असतं." मी काहीतरी बोललो, शिकेल हळूहळू, सगळे असेच शिकतात, वगैरे. ती हो म्हणून गेली, पण मला दिवसभर ते डोक्यात राहिलं, आणि दुसऱ्या दिवशी मी पोराला काकांच्या लेथवर उभा केला. काकांना सांगितलं, याला शिकवा. झालं, माझ्यामते माझं काम संपलं.

काकांचं उत्तर ऐकण्यासारखं होतं. "शिकवायचं काय त्यात? डोळे आहेत ना त्याला? मला कुणी शिकवलं? उस्तादाच्या मागे तीन वर्षं उभा राहिलो, मधे बोललो तर स्पॅनर यायचा पाठीत."

आता इथे माझी मोठी चूक. काकांचा पगार आहे आणि त्यावर नगावर इन्सेंटिव्ह आहे. शिकवायला थांबले की नग कमी, नग कमी की पैसे कमी. म्हणजे मी त्यांना सांगत होतो की स्वतःच्या खिशातून या पोराला शिकवा, आणि वर अपेक्षा की हसत शिकवा. त्यांनी जे केलं ते कुणीही केलं असतं, शेजारचा रिकामा लेथ त्याला दिला, एक शाफ्ट करून दाखवला आणि आपल्या कामाला लागले. त्यात आणखी एक गोष्ट होती जी ते तेव्हा बोलले नाहीत, नंतर बोलले: हा शिकला की याला ठेवशील आणि मला घरी पाठवशील. साठीला आलेल्या माणसाला हे वाटणारच. माझ्या मनात नव्हतं, पण मी तसं त्यांना कधी सांगितलंही नव्हतं.

जानेवारीत गिऱ्हाईकाकडून फोन आला. चौदा शाफ्ट रिजेक्ट.

ड्रॉइंग असं: बेअरिंग ६२१२, म्हणजे आतला व्यास ६० मिमी, सीटला के६ फिट, म्हणजे साइज ६०.००२ ते ६०.०२१ च्या मधे पाहिजे. एकोणीस मायक्रॉनची जागा आहे सगळी. आणि आमचे चौदा नग ५९.९९४, ५९.९९६ असे, बेअरिंग हाताने सरकत होतं. असं बेअरिंग चालवलं तर आतली रिंग शाफ्टवर फिरते आणि सीट खाऊन टाकते, त्यामुळे गिऱ्हाईकाचं काही चुकलं नव्हतं. वेल्डिंग करून पुन्हा टर्न करायला त्यांची परवानगी नाही. भंगार. ६५ मिमी जाडीचा ईएन८ (स्टीलचा एक प्रकार) बार, ४२० मिमी लांबी, एकेक तुकडा जवळपास अकरा किलोचा, मटेरियलच आठशे-सव्वाआठशेचं. चौदाचे साडेअकरा हजार झाले, मजुरी वेगळी.

पोराला बोलावलं. तो म्हणाला, मी प्रत्येक नग मोजलाय, वहीत लिहिलाय. वही आणली. त्यात ६०.०१२, ६०.०१०, ६०.०१४, सगळे एकदम बरोबर. मी मायक्रोमीटरचं झीरो तपासलं, बरोबर. मग मी त्याला सगळ्यांसमोर म्हटलं, खोटं लिहू नकोस. तो काही बोलला नाही, मान खाली घालून उभा. हे लिहिताना आजही कानशिलं तापतात, कारण वही शंभर टक्के खरी होती.

त्या रात्री बायकोशी बोलताना (ती अकाउंट्स बघते आमचं) ती म्हणाली, काकांचा एक तास आपल्याला कितीला पडतो? इन्सेंटिव्ह धरून तासाला ११० च्या आसपास. रोज एक तास, महिन्याचे २६ दिवस, २८६०. तीन महिन्यांचे ८५८०. ती म्हणाली, म्हणजे चौदा शाफ्टांपेक्षा स्वस्त, आणि तू तो तास द्यायला घाबरत होतास. यावर मी जेवण संपवलं.

सकाळी काकांना ऑफिसात बसवलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. एक, सकाळचा नऊ ते दहा हा तास तुमचा नगांत धरणार नाही, पैसे सरासरीप्रमाणे मिळणार, या तासात तुमचं काम म्हणजे हा पोरगा. दोन, तुमचे हात चालतात तोवर तुमची मशीन तुमची, हे मी कागदावर लिहून देतो. दिलं पण. काकांनी कागद वाचला, घडी घातली, खिशात ठेवला आणि म्हणाले, "अक्षर बाबांसारखंच खराब आहे तुझं." म्हणजे हो.

पहिल्याच तासाला काकांनी पोराला सांगितलं, तू कर, मी बघतो, तोंड उघडणार नाही. पोराने बार चकमध्ये (लेथच्या पकडणाऱ्या जबड्यात) धरला, पलीकडून टेलस्टॉकचा सेंटर (दुसऱ्या टोकाला टेकू देणारं टोक) लावला, रफिंग केलं, म्हणजे चांगले जाड कट घेतले, लगेच त्याच सेटिंगमध्ये फिनिश कट, म्हणजे शेवटचा बारीक, एमरी, मोजलं: ६०.०१३. काकांनी आपल्या मायक्रोमीटरने मोजलं: ६०.०१३. काका म्हणाले, बरोबर आहे की रे, मग भानगड काय? जॉब काढून टेबलावर ठेवला, तास संपला, दोघं आपापल्या कामाला. दुपारी जेवण झाल्यावर काकांना राहवेना, त्यांनी तोच जॉब परत मोजला. ५९.९९६.

"हात लावला का रे कुणी याला?"

कुणी लावला नव्हता. आणि मग त्या पोराने कपाळावर हात मारला आणि खडूने जमिनीवर लिहायला लागला. साठ मिमी. कट घेऊन जॉब तापला, समजा पंचवीस डिग्री. स्टील एका मीटरला एका डिग्रीमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन फुगतं. गुणाकार केला, सतरा मायक्रॉन. म्हणजे गरम असताना ६०.०१३ दिसतंय ते गार झाल्यावर ५९.९९६. आकडा तंतोतंत. आयटीआयच्या पुस्तकात हे असतं, त्याने परीक्षेत लिहिलंही होतं, पण लेथवर उभा असताना ते आणि हे एकच आहे असं त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा गाभा याच्या पुढे आहे. पोराने विचारलं, "मग काका, तुमचे का नाही जात?"

काका विचारात पडले. खरंच पडले, मी समोर होतो. तोच बार, तसलाच लेथ, तेच टूल, आणि इतक्या वर्षांत त्यांचा असा लॉट परत आलेला नाही. मग म्हणाले, मी आधी सगळे रफ करून ठेवतो. मग चहा. मग पहिल्यापासून एकेक फिनिश. "का पण?" "का म्हणजे? उस्ताद तसंच करायचे."

म्हणजे उस्तादाने शिकवलं होतं ते गार होऊ द्या असं नव्हतंच, त्याने शिकवला होता चहा. चहा होईपर्यंत जॉब हवेच्या टेंपरेचरला यायचे, वरचा फिनिश कट पाव मिमीचा, त्याने काही तापत नाही, साइज बरोबर यायची. काकांना हे तीसपस्तीस वर्षं येत होतं आणि माहीत नव्हतं. पोराला माहीत होतं आणि येत नव्हतं.

मग पोराने स्वतःची बाजू मांडली, आणि तीही चुकीची नव्हती. तो म्हणाला, आम्हाला शिकवलंय की एका सेटिंगमध्ये सगळं करावं, जॉब काढून परत लावला की रनआउट येतो, म्हणजे तो मधोमध फिरत नाही. काका हसले. "चकमध्ये लावलास तर येईल ने. मी दोन सेंटरमध्ये धरतो, कॅरियर लावून. दहा वेळा काढ आणि दहा वेळा लाव, सेंटरचं भोक तेच असतं." हे पोराने पाहिलं होतं पण त्याला वाटलं होतं की काका जुन्या वळणाचे आहेत म्हणून कॅरियर (जॉबला बांधून त्याला फिरवणारा क्लॅम्प) वापरतात. मलाही तसंच वाटायचं खरं तर.

त्या दिवसापासून तो एक तास बदलला. पोरगा वही घेऊन बसायला लागला आणि काका जे जे हाताने करतात त्याचं का विचारायला लागला. अर्ध्या गोष्टींना काकांकडे उत्तर होतं, अर्ध्यांना "तसंच करतात". या तसंच करतात वाल्यांवर दोघं भांडायचे. उदाहरणार्थ, रफिंग चालू असताना काका मधेच टेलस्टॉकचं चाक जरासं ढिलं करतात आणि परत हलकं टेकवतात. का? तसंच करतात. पोराने पुन्हा खडू: ४२० लांबी, तोच गुणांक, तेच पंचवीस डिग्री, म्हणजे लांबीत जवळजवळ ०.१२ मिमी वाढ. दोन्ही बाजूंनी आवळलेला शाफ्ट जाणार कुठे, वाकणार किंवा सेंटर जाळणार. काकांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला हाताला कळतं चाक जड झालेलं." दोन्ही खरं होतं. मी तर म्हणेन हाताला कळणं जास्त कामाचं, कारण प्रत्येक वेळी खडू कोण काढणार, पण पोराच्या हाताला ते कळायला लागलं ते का कळल्यावरच, आधी त्याचा हात नुसता चाकावर असायचा.

सगळंच असं हिशेबात बसलं असं नाही. कटचा आवाज बदलला की काका टूल काढून घासायला जातात, तो कुठला आवाज हे वहीत लिहिता येईना, पोराने मोबाइलवर रेकॉर्ड करून बघितलं, शॉपच्या गोंगाटात काही वेगळं ऐकू येईना. शेवटी काकांनी त्याला सांगितलं, पाठ करून उभा राहा आणि आवाज बदलला असं वाटलं की हात वर कर. आठवडाभर हा खेळ चालला, बाकीची माणसं हसायची. आणि चक की, म्हणजे चक आवळायची चावी. चकमध्ये की विसरून मशीन चालू केली तर ती गोळीसारखी सुटते, पोस्टरं लावलेली आहेत, कुणी वाचत नाही. काकांचा नियम एकच: चक की चकमध्ये असेपर्यंत हात कीवरून उचलायचा नाही, नाकाला खाज आली तरी आधी की काढायची, मग नाक. हे पोस्टरपेक्षा चांगलं लक्षात राहतं. कायद्याप्रमाणे अप्रेंटिसला कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची असते, पण खरं सांगायचं तर हे वाचून नाही, त्याच्या आईचा चेहरा आठवून मी या गोष्टीत काकांना कधी घाई केली नाही.

या सगळ्यातून एक कागद तयार झाला, काकांनी सांगितलेला, पोराने लिहिलेला, लेथच्या मागच्या भिंतीवर चिकटवलेला. पहिली ओळ, गरम जॉबची साइज घेऊ नये. दुसरी, आधी सगळे रफ, मग चहा, मग फिनिश. चहा हा शब्द मी काढायला सांगितला होता, गिऱ्हाईकाचे लोक ऑडिटला येतात म्हणून. दोघांनी मिळून नकार दिला.

इथे जरा विषय सोडून. मी दांडिया बाजारात वाढलो, कलाभवन, म्हणजे तंत्रशिक्षणाची जुनी संस्था, रोजच्या रस्त्यावरचं. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये ते काढलं, टी. के. गज्जर पहिले प्रिन्सिपल, आणि तंत्रशिक्षण लोकांच्या स्वतःच्या भाषेत व्हावं हा त्यांचा आग्रह. पुढे १९०७ मध्ये आताची औषध कंपनी अ‍ॅलेम्बिक उभी राहिली ती गज्जर आणि त्यांचे दोन विद्यार्थी, कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन, यांनी मिळून. गुरू आणि शिष्य एकाच कंपनीच्या पायात. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट आहे ही, पण तिचा आपल्या शॉपशी काही संबंध असेल असं कधी वाटलं नव्हतं. काका आणि पोरगा जमिनीवर खडूने गुणाकार करून मराठी-गुजराती मिसळून भांडताना बघितलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की बहुतेक तिथेही असंच काहीतरी होत असणार.

आता हिशेब, कारण कारखानदार मित्राला तोच पाहिजे होता. मार्चपासून पोराच्या हातचे सीटवाले शाफ्ट जायला लागले. वर्ष संपेपर्यंत साइजसाठी एक नग परत आला, तोही त्याने स्वतःच आधी बाजूला काढलेला, डिस्पॅचवाल्याने चुकून पेटीत घातला. काकांचे नग पहिल्या दोन महिन्यांत कमी झाले, नंतर होते तिथे परत आले, कारण रफिंग पोरगा करून ठेवायचा. आणि ज्याचा मी विचारच केला नव्हता ते म्हणजे सीएनसीवरचा एक जुना त्रास गेला, सकाळचे पहिले पाचसहा नग आणि दुपारचे नग यांत फरक यायचा, ऑपरेटर रोज वेअर ऑफसेट मारत (साइज स्क्रीनवरून सुधारत) बसायचा. पोराने जाऊन विचारलं, सकाळी मशीन थंड असते ना? आता सकाळी वीस मिनिटं मशीन रिकामी फिरवतात, मग पहिला नग. हे ऑपरेटरला कुणी सांगितलं असतं तर त्याने ऐकलं नसतं, पण भिंतीवरचा कागद त्यानेही वाचला होता.

ऑक्टोबर २०२३ ला त्याचं वर्ष संपलं, परीक्षा झाली, सर्टिफिकेट आलं. मी १४ हजार देतो म्हटलं. त्याला हालोलच्या बाजूला एका मोठ्या कंपनीत १९ मिळाले. गेला. मला वाईट वाटलं, राग पण आला, खोटं कशाला बोलू, शिकवून शिकवून दुसऱ्याच्या घरी पाठवला असं वाटलं. काका दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी नऊ वाजता ऑफिसच्या दारात उभे. "शेठ," म्हणाले, म्हणजे चिडले होते, "माझा तास चालू झालाय आणि पोरगा कुठाय?"

दुसरा घेतला मग. हा आयटीआयचा नाही, दहावी करून आलाय, गणित कच्चं आहे, खडू काढत नाही. पण हात चांगला आहे, आवाजाच्या खेळात तिसऱ्या दिवशी बरोबर हात वर केला. काकांना आता त्याला का सांगावं लागतं, आणि ते सांगतात, सतरा मायक्रॉन, साडेअकरा, सगळं तोंडपाठ, जसं काही स्वतःच शोधून काढलंय. जुना पोरगा गणपतीत भेटायला येतो, आईला घेऊन. तिने यावेळी खुर्चीवर बसून चहा घेतला.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. मिलिंगवाला मला दोनदा विचारून गेला, मलाही एक पोरगा आणि एक तास मिळेल का. काम चांगलं आहे त्याचं, त्याच्याही डोक्यात काय काय पडलेलं असणार. पण मिलिंग एकच आहे, तो तास थांबला की मागचं सगळं थांबतं, लेथसारखं शेजारी रिकामी मशीन नाही. बायको म्हणते संध्याकाळी शिफ्टनंतर दे, पण अप्रेंटिसला असं परवानगीशिवाय जादा थांबवता येत नाही. या महिन्याचं डिस्पॅच निघालं की बसतो त्याच्याबरोबर.